समुद्रकाठचे गाव आणि एका गायकाची पहिली तबकडी

न्यूयॉर्कहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाले की सुमारे नव्वद किलोमीटरवर, न्यू जर्सी राज्यात, अ‍ॅस्बरी पार्क लागते. ब्रशचे कारखानदार जेम्स ब्रॅडली यांनी १८७१ मध्ये येथली सुमारे पाचशे एकर रेताड जमीन विकत घेतली आणि तिच्यावर आखीव गाव वसवले. ब्रॅडली कट्टर मेथडिस्ट होते. अमेरिकेतल्या आद्य मेथडिस्ट बिशपांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांचे नाव त्यांनी गावाला दिले आणि दारूवर बंदी घातली. दक्षिणेला लागूनच ओशन ग्रोव्ह ही मेथडिस्टांची भजन-प्रवचनांची वसाहत होती. मध्ये फक्त वेस्ली लेक हे लांबट तळे. एवढ्या सोवळ्यात जन्मलेले गाव पुढच्या काळात मौजमजेसाठी प्रसिद्ध झाले. लाकडी फळ्यांचा समुद्रकाठचा रस्ता, १८८८ मध्ये सुरू झालेले 'पॅलेस अ‍ॅम्यूझमेंट्स' हे करमणूकगृह, हॉटेले, आणि १९३० च्या सुमारास उभा राहिलेला कन्व्हेन्शन हॉल. आगगाडीने येणारा न्यूयॉर्कचा मध्यमवर्ग उन्हाळाभर येथे मुक्काम ठोकत असे.

त्याच आगगाडीच्या रुळांनी गाव दुभागले होते. रुळांच्या पूर्वेला समुद्र आणि गोरे पाहुणे. पश्चिमेला हॉटेलांतून राबणारे कृष्णवर्णीय. समुद्रकाठच्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांना मज्जाव करण्याचे प्रयत्न खुद्द ब्रॅडली यांच्याच काळात झाले. पश्चिम भागातल्या स्प्रिंगवूड अ‍ॅव्हेन्यूवर मात्र जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूजची स्वतंत्र दुनिया नांदत होती. १९५० च्या दशकात गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग झाला आणि मोटारीतले पाहुणे आणखी दक्षिणेच्या किनाऱ्यांकडे निघून जाऊ लागले. कन्व्हेन्शन हॉलमध्ये रोलिंग स्टोन्स १९६६ मध्ये आणि लेड झेपलिन ऑगस्ट १९६९ मध्ये वाजवून गेले खरे, पण तोवर गावाला उतरती कळा लागलेली होती. जुलै १९७० मध्ये रोजगार आणि घरांच्या प्रश्नावरून पश्चिम भागात दंगल उसळली, ती जवळजवळ आठवडाभर चालली. स्प्रिंगवूड अ‍ॅव्हेन्यूवरची दुकाने जळाली आणि पुढची कित्येक वर्षे ती जागा ओसाड राहिली.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पहिल्या अल्बमच्या नावात जे गाव आहे, ते हे असे पडके गाव. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण साधे आहे. 'ग्रीटिंग्ज फ्रॉम अ‍ॅस्बरी पार्क, एन. जे.' या अल्बमचे मूल्यमापन बहुधा बॉब डिलनशी तुलना करून होत आले, आणि त्या तुलनेत त्याच्यातली खरी गंमत हरवते. न्यूयॉर्कमधल्या कंपनीने एकट्याने गिटार छेडणारा कवी विकत घेतला. प्रत्यक्षात तिच्या हाती आला तो किनाऱ्यावरच्या दारूगुत्त्यांत ताफ्यासह घडलेला वादक. अल्बममधले जे फसले आणि जे टिकले, त्या दोन्हींचे मूळ या विसंगतीत आहे.

स्प्रिंगस्टीनचा जन्म २३ सप्टेंबर १९४९ चा, लाँग ब्रँचमधला. बालपण गेले ते आतल्या बाजूच्या फ्रीहोल्ड या कारखान्यांच्या गावात. 'द कॅस्टाइल्स' हा शाळकरी ताफा त्याने १९६५ ते १९६८ या काळात गाजवला. या ताफ्याचा पहिला ड्रमवादक व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्वतः स्प्रिंगस्टीन लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्याने वाचला. १९६९ मध्ये आईवडील कॅलिफोर्नियाला निघून गेले. तो मागे राहिला आणि अ‍ॅस्बरी पार्कच्या संगीतकारांत मिसळून गेला.

त्या संगीतकारांचा अड्डा म्हणजे कुकमन अ‍ॅव्हेन्यूवरचा 'अपस्टेज' क्लब. टॉम आणि मार्गरेट पॉटर या केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या जोडप्याने तो १९६८ मध्ये जोड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यांवर सुरू केला. दारू मिळत नसे, त्यामुळे पहाटे पाचपर्यंत उघडा ठेवता येई. गावातल्या बारमधले कार्यक्रम आटोपले की वादक येथे येत आणि मग ज्याला जो भेटेल त्याच्याबरोबर वाजवणे सुरू होई. ड्रमवादक व्हिनी लोपेझ, ऑर्गनवादक डॅनी फेडेरिची, बेसवादक गॅरी टॅलंट, पियानोवर डेव्हिड सँशस हा पोरसवदा कृष्णवर्णीय कलावंत, गिटारवादक स्टीव्ह व्हॅन झँट, हार्मोनिका वाजवणारा साउथसाइड जॉनी: पुढे जगभर नाव झालेली ही मंडळी येथेच एकमेकांना पारखत होती. क्लब १९७१ मध्ये बंद पडला. पण आधी ठरवलेले काहीही नसताना समोरच्याच्या हातांकडे बघत गाणे पुढे नेण्याची जी सवय त्याने लावली, ती या पिढीच्या अंगात मुरली होती.

स्प्रिंगस्टीनची ख्याती तेव्हा झंझावाती इलेक्ट्रिक गिटारवादक अशी होती. 'स्टील मिल' हा त्याचा ताफा जड, लांबलचक, कानठळ्या बसवणारे रॉक वाजवत असे. १९७० मध्ये ही मंडळी कॅलिफोर्नियाला जाऊन आली. सॅन फ्रान्सिस्कोत कौतुक झाले, एका कंपनीने करारही देऊ केला, पण रक्कम इतकी तुटपुंजी होती की त्यांनी नकार दिला. आपल्यासारखे, आणि आपल्याहून चांगले, गिटारवादक देशात पुष्कळ आहेत हे त्या प्रवासात त्याला उमगले. आपल्याला वेगळे ठरवतील ती आपण लिहिलेली गाणीच, या निष्कर्षावर तो आला. १९७१ च्या आरंभी 'स्टील मिल' मोडला.

संगीताच्या बाजारातही तेव्हा हवा पालटली होती. स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून, स्वतःच गाणाऱ्यांना अचानक भाव आला होता. जेम्स टेलरचा 'स्वीट बेबी जेम्स' १९७० चा. कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' १९७१ मध्ये सलग पंधरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. एक गिटार, एक पियानो, थोडा वाद्यवृंद. खर्च कमी आणि नफा डोळे दिपवणारा. डिलन त्या काळात काहीसा मागे सरलेला होता, म्हणून 'नवा डिलन' शोधण्याचीही टूम निघाली. जॉन प्राइन आणि लाउडन वेनराइट यांच्या कपाळी ते लेबल आधीच चिकटले होते. गुणी माणसाचे नुकसान करणारे याहून सोपे विशेषण शोधूनही सापडले नसते.

माइक अपेल हा गीतकार-निर्माता या बाजारात नवखा नव्हता. जिम क्रेटेकॉस या भागीदाराबरोबर त्याने दूरचित्रवाणीवरच्या 'पार्ट्रिज फॅमिली'साठी लोकप्रिय गाणे लिहिले होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्प्रिंगस्टीन त्याला भेटला तेव्हा अपेलने आणखी गाणी लिहून आण असे सांगून परत पाठवले. दोन-तीन महिन्यांनी हा तरुण आला तो गाण्यांची पोतडी भरूनच. अ‍ॅस्बरी पार्कमध्ये तो ज्या खोलीत राहत होता, तिच्या खालचे ब्यूटी पार्लर बंद पडले होते. तिथे टाकून दिलेल्या पियानोवर यातली बरीच गाणी झाली. अपेलने त्याला जो करार सह्यांसाठी दिला तो एकतर्फी होता आणि स्प्रिंगस्टीनने तो नीट वाचलाही नाही. त्याची किंमत १९७६-७७ मध्ये कोर्टकचेरीच्या रूपाने दोघांनाही मोजावी लागली.

अपेलच्या आक्रमकपणाचे एक फळ मात्र निर्विवाद आहे. त्याने कोलंबिया रेकॉर्ड्सच्या जॉन हॅमंड यांची वेळ मिळवली. बिली हॉलिडे, काउंट बेसी, अरीथा फ्रँकलिन आणि डिलन या साऱ्यांना हेरणारे हेच हॅमंड. २ मे १९७२ रोजी अपेलने त्यांना तोंडावर विचारले, की डिलनला तुम्ही खरोखर पारखून घेतले होते की तो नुसता योगायोग होता. हॅमंड चिडले. मग स्प्रिंगस्टीनने उसनी आणलेली गिटार काढली आणि 'इट्स हार्ड टु बी अ सेंट इन द सिटी' म्हटले. संध्याकाळी हॅमंड यांनी त्याला ग्रीनिच व्हिलेजमध्ये श्रोत्यांसमोर गायला लावले आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या स्टुडिओत चाचणी-मुद्रण केले. जूनमध्ये करार झाला. काउंट बेसीचे जन्मगाव रेड बँक अ‍ॅस्बरी पार्कपासून फार तर वीस-पंचवीस किलोमीटरवर, एकाच मनमथ काउंटीत आहे. हॅमंड यांच्या कानाला त्या परगण्याने दोनदा साथ दिली, असे म्हणता येईल.

हॅमंड यांनी ऐकला तो एकटा गाणारा माणूस. कंपनीचा समज असा झाला, की आपण लोकसंगीताच्या वळणाचा कवी घेतला आहे. हॅमंड आणि अपेल या दोघांचा आग्रह अल्बम फक्त गिटार-आवाजाचा व्हावा असा होता. स्प्रिंगस्टीन आणि क्रेटेकॉस यांना ताफा हवा होता. तडजोड ठरली: काही गाणी एकट्याची, काही ताफ्यासह. लोपेझ, टॅलंट आणि सँशस यांना किनाऱ्यावरून बोलावणे गेले. स्टीव्ह व्हॅन झँटला गिटार वाजवायला मिळाली नाही. 'लॉस्ट इन द फ्लड'च्या आरंभी जो गडगडाट ऐकू येतो तो त्याने अ‍ॅम्प्लिफायर हलवून काढलेला, इतकाच त्याचा वाटा.

मुद्रण कोलंबियाच्या मॅनहॅटनमधल्या प्रशस्त स्टुडिओत झाले नाही. पैसे वाचवण्यासाठी अपेलने न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लाव्हेल्ट येथील '९१४ साउंड' हा आडबाजूचा स्टुडिओ निवडला. ती काटकसर कानाला जाणवते. ड्रमचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारावी तसा पोकळ आहे, बेस बारीक आहे, आणि गायकाचा आवाज इतका पुढे आहे की ताफा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. लोपेझचे सैल, उधळलेले वादन समोरासमोर ऐकताना जिवंत वाटत असेल. येथे ते पुष्कळदा नुसते विस्कळीत वाटते.

उन्हाळा संपेपर्यंत दहा गाणी तयार झाली. कोलंबियाचे अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांनी ती ऐकली आणि रेडिओवर चालेल असे यात एकही नाही, असे सांगून परत पाठवली. धंदेवाईक अधिकाऱ्याच्या अशा सूचनांनी एरवी कलाकृतीचे वाटोळे होते अशी समजूत आहे. या वेळी उलटे झाले. स्प्रिंगस्टीनने यमकांचा शब्दकोश उघडून 'ब्लाइंडेड बाय द लाइट' लिहिले आणि त्यापाठोपाठ 'स्पिरिट इन द नाइट'. एकट्याने गायलेली तीन गाणी अल्बममधून गळली. दोन्ही नव्या गाण्यांसाठी त्याने क्लॅरन्स क्लेमन्स या सॅक्सोफोनवादकाला गाठले. वर्षभरापूर्वी अ‍ॅस्बरी पार्कच्या 'स्टुडंट प्रिन्स' या बारमध्ये दोघांची गाठ पडली होती; क्लेमन्स आत शिरला तेव्हा वादळाने दरवाजाच उखडून नेला ही दंतकथा दोघांनीही पुढे मनसोक्त रंगवली. दंतकथा बाजूला ठेवली तरी एवढे खरे, की कंपनीने हिट गाणे मागितले म्हणून अ‍ॅस्बरी पार्कचा खरा आवाज या अल्बममध्ये आला.

नऊ गाण्यांपैकी एकट्याची म्हणावीत अशी दोन उरली आणि दोन्ही सर्वांत कच्ची आहेत. 'मेरी क्वीन ऑफ आर्कान्सा' पाच मिनिटांहून अधिक चालते आणि कुठेच पोहोचत नाही; सर्कशीच्या आणि ऐतिहासिक प्रतिमांची रास घातली आहे, पण ती कोणाला उद्देशून हे अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही. 'द एंजल'मध्ये मोटारसायकलस्वार आणि महामार्ग हे पुढे स्प्रिंगस्टीनचे खास ठरलेले विषय पहिल्यांदा दिसतात. शेवटी रिचर्ड डेव्हिस यांचा उभा बेस येतो. व्हॅन मॉरिसनच्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स'मध्ये वाजवणारे हेच डेव्हिस. त्यांच्या गजाने गाण्याला जे गांभीर्य येते ते शब्दांनी कमावलेले नाही. कंपनीला हवा होता तो अल्बम या दोन गाण्यांवरून कल्पावा: नऊ मिनिटांतच जीव मेटाकुटीला येतो.

'ब्लाइंडेड बाय द लाइट' ही यमकांची आतषबाजी आहे. अर्थ लावत बसणाऱ्याची फसगत होते. त्यात ताफ्यातले सवंगडी, शाळेतले उनाड, जत्रेतले फिरते पाळणे, सगळे एकाच श्वासात येऊन जाते. शब्द फार झाले ही या अल्बमवरची नेहमीची टीका, आणि ती योग्यच आहे. मात्र येथे शब्द ताल म्हणून वापरले आहेत आणि सॅक्सोफोन त्यांच्याशी खेळत राहतो, म्हणून दाटी खुपत नाही. 'ग्रोइंग अप'मध्ये सँशसच्या पियानोवर उभे राहून एक पोरगा आपल्या हूडपणाची फुशारकी मारतो. 'डझ धिस बस स्टॉप अ‍ॅट एटी सेकंड स्ट्रीट?' जेमतेम दोन मिनिटांचे. मॅनहॅटनमध्ये बसच्या खिडकीतून दिसलेले जग. खेड्यातून शहरात येणाऱ्याची अधाशी नजर त्यात आहे, आणि ती लपवलेली नाही.

'फॉर यू'मध्ये स्वतःचा जीव घेऊ पाहणाऱ्या मुलीशी निवेदक बोलतो. हा विषय हळवा होण्याचा धोका मोठा. पण गाणे तडफेने धावते आणि त्या धावण्यातच रुग्णवाहिकेची घाई येते. 'लॉस्ट इन द फ्लड' याहून महत्त्वाचे. युद्धावरून परतलेला सैनिक, जिवावर उदार होऊन मोटार पळवणारा तरुण, शहरातल्या रस्त्यावरचा गोळीबार, अशी तीन कडवी. सँशसचा ऑर्गन-पियानो त्यांना हळूहळू वर चढवत नेतो. प्रतिमा अजूनही गरजेपेक्षा जास्त आहेत. तरी १९७५ च्या 'बॉर्न टु रन'मधल्या दीर्घ गाण्यांचा आराखडा येथे पुरता तयार आहे.

आणि 'स्पिरिट इन द नाइट'. मित्रांची टोळी रात्री ग्रीसी लेक नावाच्या कल्पित तळ्यावर जाते, पिते, भांडते, प्रेम करते. एवढेच. शब्द येथे प्रथमच आटोक्यात आहेत, माणसांना टोपणनावे आणि स्वभाव आहेत, आणि क्लेमन्सचा सॅक्सोफोन रात्रीच्या दमट हवेसारखा सगळीकडे भरून आहे. सबंध अल्बममध्ये न्यू जर्सीच्या पोरांचे जगणे त्यांच्याच बोलीत मांडलेले गाणे हे एकमेव. टी. सी. बॉइल या कथाकाराने पुढे आपल्या एका कथेला त्या तळ्याचे नाव दिले.

नवलाची गोष्ट अशी की अल्बमच्या नावात अ‍ॅस्बरी पार्क असूनही गाण्यांत ते कुठेच नावानिशी येत नाही. ते आहे मुखपृष्ठावर. पहिल्या अल्बमवर गायकाचे छायाचित्र छापण्याचा कोलंबियाचा शिरस्ता होता आणि नव्या गायकाला न्यूयॉर्कचा म्हणून खपवणे विक्रीला सोयीचे होते. स्प्रिंगस्टीन ऐकेना. समुद्रकाठच्या दुकानातून उचललेले एक जुने पोस्टकार्ड घेऊन तो कलादिग्दर्शक जॉन बर्ग यांच्याकडे गेला. बोस्टनच्या टिचनर ब्रदर्सनी छापलेले ते कार्ड: ठळक अक्षरांत गावाचे नाव आणि अक्षरांच्या पोटात किनाऱ्यावरची रंगीत दृश्ये. बर्ग यांनी तेच मुखपृष्ठ केले. गायकाचा चेहरा मागच्या बाजूला तिकिटाच्या जागी गेला. दंगलीला अडीच वर्षेही झाली नव्हती आणि कार्डावरचे गजबजलेले गाव तेव्हा अस्तित्वात नव्हते. नव्या तोंडाच्या गायकाने पहिल्याच वेळी आपल्या पत्त्यासाठी असा हट्ट धरणे, आणि तो पत्ताही कोणी फुशारकीने सांगावा असा नसणे, हे त्या काळच्या रॉक व्यवसायात विरळाच.

अल्बम ५ जानेवारी १९७३ रोजी बाहेर आला. त्याआधी डिसेंबरमध्ये अपेलने पत्रकारांना बोलावले होते ते थेट सिंग सिंग तुरुंगात, कैद्यांपुढच्या कार्यक्रमाला. तिथे गेलेल्या 'क्रॉडॅडी' मासिकाच्या संपादकांनी लांबलचक कौतुकाचा लेख छापला. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज यांनी शब्दांच्या धबधब्याची थट्टा केली, पण प्रेमाने. अर्थापेक्षा ओघावर भाळून त्यांनी अल्बमची शिफारस केली. कंपनीच्या जाहिरातींनी मात्र 'नवा डिलन' हेच ढोल बडवले. परिणाम व्हायचा तोच झाला: रेडिओवाल्यांना या लेबलाचा वीट आला होता. 'ब्लाइंडेड बाय द लाइट' आणि 'स्पिरिट इन द नाइट' ही दोन्ही गाणी सुटी विक्रीस आली आणि पहिल्या शंभरांतही शिरली नाहीत. वर्षभरात अल्बमच्या सुमारे पंचवीस हजार प्रती खपल्या. मे १९७३ मध्ये कंपनीने अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांनाच काढून टाकले आणि स्प्रिंगस्टीनचा वरचा आधार गेला. 'शिकागो' या बड्या ताफ्याआधी अवाढव्य सभागृहांत वाजवण्याचा अनुभव इतका कडू होता, की यापुढे असे कार्यक्रम घ्यायचे नाहीत असे त्याने ठरवले आणि छोट्या क्लबांत रात्ररात्र गाऊन एकेक गाव जिंकण्याची वाट धरली.

नोव्हेंबर १९७३ च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्याने ताफ्याला मोकळे सोडले. अ‍ॅस्बरी पार्कचा समुद्रकाठ, तिथली भविष्य सांगणारी मदाम मेरी, सारे तेव्हा गाण्यांत उतरले. ताफ्याला 'ई स्ट्रीट बँड' हे नाव मिळाले ते सँशसची आई राहत असे त्या बेल्मारच्या ई स्ट्रीटवरून. पहिल्या अल्बमची गाणी दरम्यान इतरांना सापडली होती. डेव्हिड बोवीने त्यातली दोन मुद्रित केली. मॅनफ्रेड मॅन यांच्या 'अर्थ बँड'ने तीन गाणी घेतली आणि त्यांचे 'ब्लाइंडेड बाय द लाइट' फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डेव्हिस यांनी रेडिओसाठी मागितलेले गाणे रेडिओवर गाजले खरे, पण चार वर्षांनी आणि दुसऱ्याच्या गळ्यातून. गीतकार म्हणून स्प्रिंगस्टीनला अमेरिकेतल्या सुट्या गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवून देणारे ते एकमेव गाणे आहे. मूळ अल्बम विक्रीच्या यादीत शिरला तो 'बॉर्न टु रन'ची हवा निर्माण झाल्यावर, १९७५ मध्ये. साठाव्या क्रमांकापर्यंत चढला. २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने केलेल्या पाचशे सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत तो ३७९ वा होता, आणि ही जागा फार अन्यायाची म्हणता येणार नाही.

२२ नोव्हेंबर २००९ रोजी बफलो येथे दौऱ्याच्या अखेरच्या कार्यक्रमात ई स्ट्रीट बँडने हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने वाजवला. 'द एंजल' तोवर मैफलीत क्वचितच गायले गेले होते. जुने भांडण मिटलेला माइक अपेल त्या रात्री श्रोत्यांत होता, आणि १९७२ मध्ये फक्त गडगडाट काढू दिलेला व्हॅन झँट रंगमंचावर गिटार वाजवत होता. क्लेमन्सचा ताफ्याबरोबरचा हा शेवटचा पूर्ण कार्यक्रम ठरला. जून २०११ मध्ये तो वारला.